'केलिन' म्हणजे आलेली

एका लग्नाविषयी लिहायचं आहे. लग्न आपल्याकडचं नाही, उझबेकिस्तानातल्या समरकंदचं आहे. आणि खरं सांगायचं तर मला त्या लग्नाविषयी कमी आणि त्यात मी स्वतः काय केलं त्याविषयी जास्त लिहायचं आहे. गेली तीसेक वर्षं मी हुंड्याच्या, मारहाणीच्या, माहेरी आणून सोडलेल्या मुलींच्या तक्रारी ऐकायचं काम करते आहे. ती मी, एक वीस वर्षांची मुलगी सासरच्या एकेका माणसापुढे वाकून सलाम करत असताना टाळ्या वाजवत होते. फोटोही काढत होते. हे कसं झालं, आणि त्यातून आपण काही शिकायचं आहे का, याचा हा विचार.

मी तिथे गेले ती भाचीमुळे. ती समरकंदला डॉक्टरकी शिकते. अलीकडे आपल्याकडची पुष्कळ मुलं-मुली तिथे शिकायला जातात. भाचीच्या खोलीतल्या इतर दोघी लातूर आणि जळगावच्या. 2023 च्या ऑक्टोबरात मी तिला भेटायला गेले आणि तिच्या घरमालकिणीने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं की रविवारी भावाच्या मुलाचं लग्न आहे, हिंदुस्थानातून आलेली पाहुणी लग्नाला न येता कशी जाईल? तिथे पाहुण्याला नाही म्हणायची सोय नाही. मी 'ओपा' झाले, म्हणजे ताई. आणि आम्ही मुलाकडचे झालो. हा मुद्दा लक्षात ठेवा मैत्रिणींनो, तो पुढे येणार आहे.

ओळखीचे शब्द, ओळखीची माणसं

भाषा कळत नसतानाही घरात मला परकं वाटलं नाही. घरातल्या बायका आपसात ताजिक बोलत, शेजाऱ्यांशी उझबेक आणि भाचीशी मोडकं रशियन. पण त्या गलबल्यातून आपले शब्द डोकं वर काढत. बाजार म्हणजे 'बोझोर', दोस्त म्हणजे 'दोस्त', दुनिया म्हणजे 'दुन्यो', कांदा म्हणजे 'पियोझ', नान म्हणजे 'नोन'. वाडा म्हणजे 'होवली', आपली हवेलीच ती. 'साब्झी' म्हणजे मात्र भाजी नव्हे, गाजर! हुंड्याच्या गाद्या ठेवायची पेटी 'संदिक', म्हणजे आपली संदूक. आणि मी हिंदुस्थानची म्हटल्यावर साठीच्या पुढची प्रत्येक बाई राज कपूरचं नाव घेई. 'सीता और गीता' तर त्यांनी आपल्यापेक्षा जास्त वेळा पाहिलेला. काकूचा जाच सोसणारी एक बहीण आणि जाच करणाऱ्यांना सरळ करणारी दुसरी! तो सिनेमा तिथल्या बायकांना का आवडला असेल हे मला त्या लग्नानंतर जास्त कळलं.

रीती शिकताना मजा आली. भाकरी, म्हणजे नान, कधी उलटी ठेवायची नाही. ती हाताने तोडायची, सुरीने कापायची नाही. चहा आधी प्याल्यात ओतून परत किटलीत घालायचा, असं तीनदा, आणि मग पाहुण्याला द्यायचा तो थोडाच. प्याला काठोकाठ भरला तर पाहुण्याने उठावं असं सुचवल्यासारखं होतं. थोडा द्यायचा म्हणजे पुन्हा पुन्हा विचारता येतं. नमस्कार करताना उजवा हात छातीवर. जेवण झाल्यावर दोन्ही तळवे वर करून कुणीतरी दुआ म्हणतं आणि सगळे तळवे चेहऱ्यावरून फिरवतात. दृष्ट लागू नये म्हणून 'इसिरिक' नावाची वाळलेली वनस्पती जाळून धूर देतात. आपल्या मीठ-मोहऱ्यांची सख्खी बहीण! हे सगळं इतकं आपलंसं होतं की दोन दिवसांत माझ्यातली कार्यकर्ती झोपी गेली आणि उरली ती नुसती पाहुणी.

लग्नात कोण काय करतं

लग्न ठरतं ते 'सोवची' मुलीच्या घरी जातात तेव्हापासून. सोवची म्हणजे मागणी घालायला जाणाऱ्या, बहुतेक बायकाच. होकार आला की दोन्ही घरची माणसं मिळून नान मोडतात. भाकरी मोडली की शब्द दिला. मला हे फार आवडलं. पण भाकरी मोडल्यानंतर ज्या याद्या होतात त्या ऐकल्या आणि कान टवकारले. मुलाकडून 'कालिन' द्यायचं, म्हणजे मुलीच्या घरी पैसे किंवा वस्तू. मुलीकडून 'सेप', म्हणजे गाद्या, रजया, भांडी, कपडे, आणि आजकाल फर्निचरसुद्धा. शिवाय दोन्हीकडून 'सारपो', म्हणजे नातलगांना डोक्यापासून पायापर्यंत कपडे. हा आपला आहेर आणि मानपान. मुलीचं सेप सासरच्या बायकांसमोर मांडून दाखवतात. हे आपलं रुखवत. आणि रुखवताभोवती उभ्या राहून कुजबुजणाऱ्या बायका जगात सगळीकडे सारख्याच असतात.

लग्नाच्या दिवशी उजाडायच्या आत पुरुषांचा पुलाव असतो. त्याला 'नाहोर ओशी' म्हणतात, सकाळचा ओश. माणसापेक्षा लांब पितळी कर्णे वाजतात, गल्लीतले, नात्यातले, कामावरचे पुरुष येतात, अर्ध्या तासात जेवून, दुआ करून कामाला जातात. या पुलावासाठी आदल्या रात्री गाजरं चिरायला महल्ल्यातले पुरुष जमतात. टेबलाभोवती बसून, चहा पीत, गप्पा मारत गाजराचे ढीग चिरतात. मोठ्या कढईपुढे उभा राहणारा आचारीही पुरुष. मी भाचीला म्हटलं, "बघ, इथे पुरुष चिरायला बसतात!" ती म्हणाली, "मावशी, ते एक रात्र बसतात. कढया कोण घासतंय ते मागे जाऊन बघ."

मी मागे जाऊन पाहिलं. तिथे बायका होत्या. त्यातल्या दोघी त्या घरच्या मोठ्या सुना.

चारचौघांत केलेलं पुरुषाचं काम हे काम ठरतं, त्याला कर्णे वाजतात. मागच्या अंगणातलं बाईचं काम हे काम ठरत नाही. हे आपण शिबिरात फळ्यावर लिहून शिकवतो. पण पुलावाचा वास इतका छान होता की भाचीने सांगेपर्यंत मला ते दिसलं नाही.

दुपारी नवरीला आणायला गेलो. मुलीच्या घरातून निघताना बायका 'योर-योर' गातात. ही तिथली पाठवणीची गाणी. शब्द कळत नव्हते पण सूर कळत होता. आपल्याकडे जात्यावर, पाठवणीला बायका ज्या सुरात गातात तोच. वडिलांनी हात वर करून दुआ दिली, आई दाराच्या आड उभी राहून रडली. मुलाच्या गल्लीत पोचल्यावर रस्त्यात जाळ पेटवलेला होता. नवरा-नवरी त्याभोवती तीनदा फिरले. इस्लामच्याही आधीची, अग्नीला मानणाऱ्या काळातली ती खूण असं तिथे सांगतात. दारात पांढरं कापड अंथरलेलं, त्यावरून नवरी चालत आत आली. तिच्याबरोबर 'यांगा' होती. यांगा म्हणजे वडीलधारी, बहुधा भावजय किंवा काकू, जी नवरीची पाठराखीण असते. खोलीच्या कोपऱ्यात पडदा लावलेला, त्याला 'चिमिल्दिक' म्हणतात. त्याच्या आड दोघांनी एकाच आरशात पाहायचं. इमामाने निकाह लावला होता, पण कायद्याने लग्न मानलं जातं ते सरकारी नोंदणी कार्यालयात सही केल्यावरच. नुसत्या धार्मिक विधीला तिथे कायद्यात किंमत नाही. आपल्याकडे नोंदणीसाठी आपण अजून झगडतो आहोत, तेव्हा ही गोष्ट मी मनात टिपून घेतली.

रात्री हॉलमध्ये जेवण, गाणी, नाच. पांढरा पायघोळ झगा घातलेली नवरी मांडवात बसून होती. बसून म्हणजे, कुणी भेटायला आलं की उठून वाकायची आणि बाकी वेळ मान खाली घालून डोळे जमिनीवर. तीन तास मी पाहत होते, तिने वर पाहिलं नाही आणि ती काही खाताना मला दिसली नाही. नवरा मित्रांबरोबर नाचून आला. मीही नाचले. साठीच्या बाया तिथे काय नाचतात! हात वर करून, मनगटं फिरवत. लाजणं नाही की वयाचा संकोच नाही. त्यांचा मला हेवा वाटला.

सकाळचा सलाम

दुसऱ्या दिवशी सकाळी 'केलिन सालोम'. केलिन म्हणजे सून. 'केल' म्हणजे ये, आणि केलिन म्हणजे आलेली, असा त्याचा अर्थ घरमालकिणीने सांगितला. म्हणजे मुलीचं नाव काहीही असो, या घरात तिची पहिली ओळख 'बाहेरून आलेली' ही. जरीच्या मखमली पोशाखात, चेहऱ्यावर झिरझिरीत वस्त्र, दोन बाजूंना दोन बायका. एक बाई रचलेल्या ओळी म्हणत एकेका नातलगाचं नाव पुकारते. सासरा, सासू, मोठे दीर, जावा, आत्या, मामा. प्रत्येकासाठी नवरी खाली वाकते. ज्याचं नाव घेतलं तो भेट देतो आणि सगळे हसतात. ओळी गमतीच्या असतात, सासरच्यांची चेष्टाही त्यात असते. अंगणात ऊन आलेलं, डाळिंबाच्या झाडाला डाळिंबं लागलेली, जरी चमकते आहे. फार सुंदर दृश्य होतं.

आणि मग माझं नाव पुकारलं गेलं. हिंदुस्थानची ओपा! मुलगी माझ्यासाठी वाकली. एकदा, दोनदा, तीनदा. मी हसत हसत पर्समधून आणलेली साडी तिला दिली आणि टाळ्या वाजवल्या. आपल्याकडे एखादी सून सासूच्या पाया पडताना दिसली तर माझ्या कपाळाला आठी पडते. इथे मी आठीऐवजी फोटो काढला.

का? एक तर दुसऱ्याची रूढी आपल्याला 'संस्कृती' वाटते आणि आपली संस्कृती आपल्याला रूढी वाटते. दुसरं कारण जास्त टोचणारं आहे. मी मुलाकडची होते. सलाम घेणाऱ्यांच्या रांगेत होते. आयुष्यात पहिल्यांदाच मी वरपक्षाच्या बायकांत मानाने बसले होते आणि त्या जागेची ऊब मला लागली. सासवा वाईट का वागतात, असं आपण विचारतो. मला वाटतं त्याचं उत्तर मी त्या सकाळी स्वतःच्या अंगावर अनुभवलं. ज्या घरात बाईला मान मिळायची एकच जागा असते, आणि ती जागा दुसऱ्या बाईच्या वाकण्यातून तयार होते, तिथे ती जागा सोडणं कुणालाही जड जातं. त्या घरची सासूही कधीतरी याच अंगणात वाकली होती. तिने पंचवीस वर्षं वाट पाहिली होती.

तिथल्या लोकांना हे कळत नाही असं नाही. 1984 साली तिथे 'सुनांचं बंड' अशा अर्थाच्या नावाचा सिनेमा निघाला, सइद अहमद यांच्या विनोदी नाटकावरून. सात मुलांच्या घरावर राज्य करणारी सासू आणि तिच्यापुढे न दबणारी धाकटी सून. तो अजून घराघरात आवडीने पाहतात. लोक पोट धरून हसतात, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे सून उठून अंगण झाडते.

"मुलगी देऊन वर पैसे कशाचे?"

लग्नात शेजारच्या एका शिक्षिकेशी ओळख झाली. तिला इंग्रजी येत होतं. तिने मला विचारलं, "तुमच्याकडे मुलीचे आईबाप पैसे देतात असं ऐकलं. मुलगी द्यायची आणि वर पैसे कशाचे?" मी हुंड्याविषयी सांगितलं. 1961 पासून त्याला कायद्याने बंदी आहे आणि तरी तो घेतला जातो, त्यासाठी मुली जाळल्या गेल्या, हेही सांगितलं. ती गप्प झाली. मग म्हणाली, "आमच्याकडे बरं आहे. मुलाकडचे देतात."

क्षणभर मलाही तसं वाटलं. पण आपल्याकडेही पूर्वी शेतकरी, कष्टकरी जातींत 'देज' होतंच की. मुलाकडचे मुलीच्या बापाला पैसे देत. वरच्या जातींचं अनुकरण करता करता देज गेलं आणि हुंडा आला. देज असताना बाई मोकळी होती का? "पैसे मोजून आणली आहे" हे वाक्य देजातूनच आलं. पैसा या हातातून त्या हातात गेला काय की उलटा गेला काय, मधे उभी असलेली मुलगी त्याची मालक होत नाही. शिवाय त्या शिक्षिकेनेच पुढे सांगितलं की कालिन मुलाकडून येतं हे खरं, पण सेपाचा खर्च आईबापांना त्याहून जड जातो. मुलगी जन्मली की आई गाद्या-रजयांचं कापड जमवायला लागते. आणि मुलाकडचा खर्च कुठून येतो? तर पुष्कळदा मुलगा रशियात मजुरीला जातो, दोन-तीन वर्षं राबतो, त्या पैशात लग्न होतं. मग लग्नाचं कर्ज फेडायला पुन्हा रशियात जातो. सून राहते सासूजवळ. नवरा फोनवर, सासू घरात. म्हणजे लग्न झालं कुणाशी?

सरकारने यावर उपाय काढून पाहिले आहेत. 2019 च्या सप्टेंबरात संसदेच्या दोन्ही सभागृहांनी ठराव करून लग्नाच्या पाहुण्यांची मर्यादा 200 ठरवली आणि वरातीत 3 पेक्षा जास्त गाड्या नकोत असं सांगितलं. आमच्या लग्नात मी टेबलं मोजली. दहा-दहा खुर्च्यांची एकतीस. मी कुणाला काही बोलले नाही, कारण आपल्याकडची लग्नंही मी पाहिली आहेत. खर्चावर मर्यादा चांगलीच. पण 200 लोकांसमोर मुलगी मान खाली घालून उभी राहिली काय आणि 400 समोर राहिली काय, तिच्या दृष्टीने काय बदललं? मर्यादा बापाच्या खिशासाठी आहे, मुलीच्या मानेसाठी नाही.

ताश्कंदला परतताना मला आणखी एक गोष्ट आठवली. या शहरात 11 जानेवारी 1966 ला लालबहादूर शास्त्री गेले. तिथे त्यांच्या नावाचा रस्ता आहे, पुतळा आहे. शास्त्रीजींनी 1928 साली लग्नात एक चरखा आणि थोडी खादी एवढंच घेतलं होतं. त्यांच्या देशातली आपण माणसं कुठे येऊन पोचलो! आणि बघा, चरखा का होईना, काहीतरी घेतल्याशिवाय लग्न पुरं होत नाही हे त्या साध्या माणसालाही मोडता आलं नव्हतं.

बुरखे जाळले तेव्हा

आता तुम्ही म्हणाल, सरळ बंदी घालावी. केलिन सालोम बंद, कालिन बंद, सेप बंद. याच भूमीवर असा एक प्रयोग झाला होता. तो आपण कार्यकर्त्यांनी नीट समजून घ्यायला हवा.

8 मार्च 1927. आपला महिला दिन. सोव्हिएत सरकारने उझबेकिस्तानात 'हुजूम' नावाची मोहीम सुरू केली. हुजूम म्हणजे हल्ला. तिथल्या शहरी बायका तेव्हा 'परांजी' घालत आणि चेहऱ्यावर घोड्याच्या केसांची जाड जाळी, 'चाचवोन'. चौकाचौकांत सभा भरल्या, बायकांनी परांज्या काढून आगीत टाकल्या. वाचताना अंगावर रोमांच येतात. पण त्यानंतर त्या बायकांना घरी जायचं होतं. सभा पक्षाची, चौक सरकारचा, पण घर बापाचं, भावाचं, नवऱ्याचं. पुढच्या दोन-तीन वर्षांत परांजी टाकलेल्या किंवा या मोहिमेत भाग घेतलेल्या बायकांचे खून पडले. इतिहासकारांचा अंदाज 2,000 च्या आसपास जातो. तुर्सुनोय ही गायिका 1928 मध्ये नवऱ्याच्या हातून मेली. मार्गिलानची तरुण नर्तकी नूरखोन 1929 मध्ये सख्ख्या भावाने मारली. हजारो बायकांनी परांज्या पुन्हा चढवल्या.

मग ती मोहीम चूक होती का? मी तसं म्हणणार नाही. मॅरिअन कँप या अभ्यासिकेने 1990 नंतर तिथल्या म्हाताऱ्या बायकांशी बोलून त्यांच्या आठवणी लिहून ठेवल्या. त्यातून दिसतं की त्या बायका सरकारच्या हातातल्या बाहुल्या नव्हत्या. त्यांना शिकायचं होतं, बाहेर पडायचं होतं. 1925 पासून 'यांगी यूल', म्हणजे 'नवी वाट', या नावाचं बायकांचं मासिकही निघत होतं. इच्छा बायकांचीच होती. पण मोहिमेची वेळ, वेग आणि जागा दुसऱ्याने ठरवली, आणि किंमत बायकांनी मोजली. बाईने घरातून पाऊल बाहेर टाकायच्या आधी तिला राहायला दुसरं घर आहे का, हे कुणी पाहिलं नाही. आपल्या केंद्रात एखादी मुलगी येते आणि नवी उत्साही कार्यकर्ती तिला म्हणते, "आजच्या आज सोड ते घर." तेव्हा मला यापुढे नूरखोन आठवेल.

1991 ला देश स्वतंत्र झाला. सोव्हिएत काळातलं सगळं परकं ठरलं आणि जुन्या रीतींना 'राष्ट्रीय परंपरा' म्हणून झळाळी आली. कुटुंब टिकलं पाहिजे, हे वर झालं. मार खाणारी बाई तक्रार घेऊन गेली तर महल्ल्याच्या समितीने समजूत घालून तिला परत पाठवायचं. मानवी हक्कांसाठी काम करणाऱ्या एका संघटनेने 2001 मध्ये यावर अहवाल काढला होता. आपल्या जातपंचायती आणि तंटामुक्ती समित्या आठवल्या ना?

पण बायका गप्प बसल्या नाहीत. 2019 मध्ये मुलींच्या लग्नाचं वय 17 वरून 18 झालं. त्याच वर्षी बायकांना छळ आणि हिंसेपासून संरक्षण देणारा कायदा आला. 2023 च्या एप्रिलमध्ये घरातली मारहाण हा स्वतंत्र गुन्हा ठरला. आपल्याकडे 498 अ 1983 ला आलं आणि कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा 2005 ला. म्हणजे त्या आपल्या मागून चालत आहेत असं समजायचं कारण नाही. वाट तीच आहे, आणि कायदा हातात आल्यावर पुढे काय काय अडतं हे आपण त्यांना सांगू शकतो.

मोरीतली गोष्ट

लग्नाच्या तिसऱ्या दिवशी मी निरोप घ्यायला गेले. अंगणातल्या नळावर नवी केलिन प्याले धूत होती. अंगावर साधा सुती झगा, डोक्याला रुमाल. मी शेजारी बसून प्याले विसळायला लागले तर ती घाबरली, पाहुणीने काम करायचं नसतं. मी ऐकलं नाही. भाची दुभाषी झाली. मुलीने मला काही विचारलं नाही, भाचीला विचारलं, "तू अजून किती वर्षं शिकणार?" भाची म्हणाली, "तीन." मग ती हळूच म्हणाली की ती शिक्षिका व्हायच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. लग्न ठरताना शिकू देऊ असं म्हणाले होते. आता म्हणतात, बघू.

'बघू' या शब्दाला उझबेकमध्ये काय म्हणतात ते मी विचारलं नाही. अर्थ मला माहीत आहे. आपल्या केंद्रातल्या निम्म्या कहाण्या या शब्दापासून सुरू होतात.

मी काय करायला हवं होतं? सासूपाशी जाऊन बोलायचं? मी पाहुणी, परमुलुखातली, आठ दिवसांनी विमानात बसणारी. मी बोलून निघून गेले असते आणि तिला मागे राहायचं होतं. चौकात सभा घेऊन निघून जाणाऱ्यांसारखंच ते झालं असतं. मी बोलले नाही. भाचीने मात्र एक केलं. ती घरमालकिणीला, म्हणजे मुलाच्या आत्यालाच, चहा पिताना सहज म्हणाली, "तुमची सून शिक्षिका झाली तर घरात किती छान!" आत्या म्हणाली, "हो, आमच्यात कुणीच शिक्षक नाही." इतकंच. पुढच्या उन्हाळ्यात भाचीने फोनवर सांगितलं की केलिनने वर्षभराची रजा घेतली आहे, बाळ होणार आहे. नाव मात्र कॉलेजातून काढलेलं नाही. आत्यानेच काढू दिलं नाही.

हा विजय आहे की पराभव, मला सांगता येत नाही. पण त्या घरात एका बाईने दुसरीसाठी शब्द टाकला, आणि तो सलाम घेणाऱ्यांच्या रांगेतून आला. मला वाटतं, आपलं पुष्कळसं काम त्या रांगेत आहे. सुनांची शिबिरं आपण घेतो, त्यांना हक्क सांगतो. सलाम घेणाऱ्या सासवा, आत्या, नणंदा यांच्याशी आपण कधी बोलतो? त्यांच्यातल्या किती जणींच्या मनात स्वतःच्या 'बघू'ची जुनी जखम असेल?

आणि एक सूचना आपल्या गटांनी करून पाहावी असं वाटतं. आपल्याकडे लग्नाच्या याद्या होतात. त्यात पोशाख असतो, भांडी असतात, कुणाला कोणती साडी हे असतं. मुलगी पुढे शिकणार का, नोकरी करणार का, पगार कुणाच्या हातात, आजारी आईला भेटायला कधी जाणार, हे यादीत नसतं. ते तोंडी असतं आणि तोंडी असलेल्याचं 'बघू' होतं. आपल्या वस्तीतल्या, गावातल्या पुढच्या लग्नात या चार ओळी यादीत घाला, दोन्हीकडच्या वडीलधाऱ्या बायकांच्या सह्या घ्या. कोर्टात त्याला किंमत असो नसो. पाच वर्षांनी मुलगी ती यादी काढून "तुम्ही सही केली होतीत" असं म्हणू शकेल. कुणी असं करून पाहिलं असेल, किंवा करून फसलं असेल, तर इथे लिहा.

तो फोटो माझ्याकडे अजून आहे. जरीचा पोशाख, डाळिंबाचं झाड, वाकलेली मुलगी. त्यात तिचा चेहरा दिसत नाही. तिचा चेहरा मला आठवतो तो नळावरचा.